तेरा पॉइंट सात

डलूथ,
१४ जानेवारी, मंगळवार

प्रिय टोइवो,

तू मजेत असशील. इथे उणे पंचवीस आहे, गाडी सुरू होत नाही, बाकी ठीक. झालं कुशल. माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय, आता ऐक.

बाबांचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी सकाळी सातला. आतड्यातली गाठ वर्षभराची तरी आहे. "सहा महिने आधी आणलं असतंत तर," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते सहा महिने तू खाल्लेस!

जुलैत चर्चच्या तळघरातल्या रक्तदानातून बाबांना पहिल्यांदाच परत पाठवलं. हिमोग्लोबिन बारा पॉइंट सात, पुरुषाला तेरा लागतं. चाळीस वर्षं ज्याचं पंधराच्या खाली गेलं नाही, त्याचं रक्त जातंय कुठे, हे विचारायचं सोडून तू लोहाच्या गोळ्या आणल्यास. हरणाची कलेजी खाऊ घातलीस. का, तर शंभराव्या बाटलीचा बिल्ला हुकायला नको! शिबिराचा कार्यकर्ता ना तू, चारचौघांत नाक कापलं गेलं असतं.

बाबा तुला म्हणाले होते, "पोरा, शौचाला काळं होतंय." तू म्हणालास, "गोळ्यांनी होतं तसं, डबीवर लिहिलंय." लिहिलंय खरं. पण आत रक्त गेलं तरी तसंच होतं रे, मूर्खा! गळकं पिंप भरत बसलास, आणि सप्टेंबरात भरलंसं वाटल्यावर त्यातून आणखी एक बाटली काढून घेतलीस. वर फोटोही काढलास.

त्या शिबिराआधी क्लिनिकमध्ये तपासलं तेव्हा तेरा पॉइंट सात आलं. रिपोर्टवर साडेतेरा ते साडेसतरा छापलेलं, म्हणून तुझ्या लेखी सगळं नॉर्मल. अरे, ती रेंज पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासून काढतात. त्यात बाबांचं नॉर्मल कुठे लिहिलेलं नसतं. कायम पंधरा-आठ असणाऱ्याचं तेरा-सात झालं तर काहीतरी बिघडलंय, हे लॅबमधल्या नवशिक्या पोरींनाही कळतं.

मला लॅबमध्ये सव्वीस वर्षं झाली.

तो रिपोर्ट बाबांनी मला फोनवर वाचून दाखवला होता. मी डबा खात होते. म्हटलं, "रेंजमध्ये आहे बाबा, छान." त्यांचा जुना आकडा मला पाठ आहे, टोइवो. तरी म्हटलं.

काल ते म्हणाले, "आयली, मी डॉक्टरची वेळ घेतली होती गं. तू छान म्हणालीस म्हणून रद्द केली."

आणि मी काय बोलले असेन? म्हटलं, टोइवोच्या गोळ्यांनी घात केला, सगळं त्यामुळेच झालं. त्यांनी नुसती मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी, पुन्हा एकदा.

मंगळवारी सहाच्या आत ये. त्यांना आत नेण्याआधी मला खरं सांगायचंय, आणि तू समोर नसलास तर मी परत खोटं बोलेन. मला ओळखतोस तू.

तुझी थोरली बहीण, अजून म्हणणार असशील तर,
आयली