हत्तीपुढे न ठेवलेली बाटली

मी, आफिया न्देदे, वय ऐंशीच्या आसपास, राहणार एबोक्रोम, राखीव जंगलाच्या हद्दीला लागून. शाळा दुसरीपर्यंत, अक्षर माझंच. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन विचारावं. कोणाच्या धाकाने नव्हे, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. घर, तेल काढायचं उखळ आणि मोठं पातेलं मुलगी अकुबा हिला. पातेलं कोणाला उसनं देऊ नये, शेजारीण मान्साला तर नाहीच. माझ्या शेताकडे येणाऱ्या हत्तींनी तिची केळी खाल्ली तेव्हा ती मला गावभर "हत्तीची सासू" म्हणत फिरली. मिरची आणि वंगण फासलेल्या चिंध्यांची दोरी तिच्या शेताभोवती मीच बांधून दिली. केळी वाचली, माझं नाव मात्र तेच राहिलं.

२. वनरक्षक ब्ले यांना माझी खुर्ची. माझ्या नवऱ्याने जंगलात लावलेले फासे ते उपटायचे. नवऱ्याने त्यांना शिव्या घातल्या, मी जेवायला फुफूचा गोळा वाढला. दोन्ही त्यांनी मुकाट्याने घेतलं. आजही पहाटे माकडं ओरडताना ऐकू येतात. ब्ले, तुमचे आभार.

३. लाकूडवाल्या कंपनीला काही नाही. जंगलातली मोठी बाकूची झाडं त्यांनी नेली. पण अकुबा पोटात आडवी होती तेव्हा त्यांच्याच एका ट्रकवाल्याने मला दवाखान्यात पोचवलं. नाव विचारायचं राहिलं. त्याचेही आभार.

४. कोकोचं शेत बहिणीचा मुलगा आर्मा याला. आपल्या रिवाजाने, घेणाऱ्याने देणाऱ्यापुढे साक्षीदारांदेखत आभाराची म्हणून दारूची बाटली ठेवायची आणि देणाऱ्याने ती घ्यायची, तरच देणं पक्कं. नाहीतर वस्तू ज्याची त्याचीच. आर्माने बाटली ठेवली, मी चाखली, पाणी घातलेलं नव्हतं. शेत त्याचं.

५. शेताच्या कडेचं बाकूचं झाड. मागच्या महिन्यात आर्मा करवतवाल्याला घेऊन आला.

"मावशी, झाड म्हातारं झालंय. पडायच्या आत विकू."

"मीही झालेय. माझा काय भाव आला?"

"तुझं आपलं काहीतरीच! शेत माझं होणार, मग झाडही माझंच ना?"

उत्तर आता लिहिते.

हे झाड मी लावलं नाही, माझ्या आईनेही नाही. मी लहान असताना हत्तीच्या लिदीत कोंब आला. आई उपटायला निघाली, मी भोकाड पसरलं. झाडाला फळ धरेपर्यंत माझं तारुण्य सरलं. पण नंतर त्या बियांच्या तेलावर घर चाललं, नवऱ्याचं औषधपाणी झालं. जंगलात फळणारे बाकू आता फार थोडे उरलेत, म्हणून फळं पडली की हत्ती इथे येतात, खातात आणि बी पुन्हा जंगलात नेऊन टाकतात. हे तोडलं तर उजाड झालेल्या जंगलात बाकू पेरणार कोण?

कायद्याने झाड सरकारचं. पण करवतवाला कायदा विचारत नाही, शेतमालकाचा होकार विचारतो. तर आर्मा, ऐक. झाड मला हत्तीने दिलं. मी त्याच्यापुढे कधी बाटली ठेवली नाही, साक्षीदारही नव्हते. म्हणजे ते माझं झालंच नाही. जे माझं नाही ते तुला कसं देऊ? ज्याला हवं असेल त्याने दोन साक्षीदार नेऊन हत्तीपुढे बाटली ठेवावी, आणि हत्तीने ती घेतली असं लिहून आणावं.

वर सगळ्यांचे आभार मानले, हत्तीचे मानले नाहीत. विसरले नाही. मानले तर झाड माझं होईल, आणि माझं झालं की तुझं होईल. मला पुरताना पूर्वजांच्या नावाने हवी तिथे दारू सांडा. त्या झाडाच्या मुळाशी थेंबही नको.

सही: आफिया न्देदे
एबोक्रोम, घाना. शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०१९.

साक्षीदार: क्वाव बिले, गावचे मुखिया
साक्षीदार: मान्सा एसी, शेजारीण (पहिलं कलम वाचूनही सही केली)

वारसाचं म्हणणं: वाचलं. करवतवाल्याला नाही म्हणून कळवतो. मावशी, मान्साने तुला ठेवलेलं नाव खोटं नाही. — आर्मा