गच्चीवरच्या उन्हाची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिडे आणि ताडपत्र्या शिवणारी, गल्लीत सगळ्यांना ‘शिडवाली’ म्हणूनच ठाऊक असलेली, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणाऱ्याचं काय होतं ते किनाऱ्यावर टॉवर बांधणाऱ्या प्रकल्पाच्या माणसाला विचारावं. वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, “आजी, यातले शेरे काढून टाका, नुसती मालमत्ता राहू द्या.” मी म्हटलं, “शेरे काढले तर उरतं काय? एक घर नि चार सुया.” तेव्हा शेरे राहतील. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम १. मिळकत व चतुःसीमा.

माझे राहते घर: खाली शिवणाची खोली, वर राहायची खोली, तिच्यावर गच्ची. पूर्वेस गल्ली. उत्तरेस सलून. दक्षिणेस बर्फाचा कारखाना होता. तो पाडून आता पत्र्याचे कुंपण घातले आहे आणि त्यावर हसणाऱ्या माणसांची चित्रे लावली आहेत. एवढं हसायला काय झालं आहे ते मला अजून कळलेलं नाही. पश्चिमेस पूर्वी माझ्या धाकट्या जावेचे घर आणि त्यापुढे पाणी. हल्ली टॉवरच्या वाहनतळाची भिंत. पाणी माझ्या मालकीचं कधीच नव्हतं, पण रोज खिडकीतून दिसायचं. ते कोणाला ठेवून जाता येत नाही, म्हणून लिहिलेलं नाही.

कलम २. हे घर माझ्याकडे कसे आले.

सासऱ्यांच्या माघारी घराची वाटणी झाली. मोठ्याने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने हवा तो उचलायचा, म्हणजे मागून कुरकुर नको, असं ठरलं. माझा नवरा मोठा, होड्यांचं सुतारकाम करणारा. आम्ही सरळ भिंतीवरून रेघ मारली. मागचं घर कोरडं. पुढचं पाण्यालगत, मोठी भरती आली की लाटा उंबरा ओलांडून थेट चुलीशी. उचलायची पाळी धाकट्यांची, म्हणजे ते मागचंच घेणार हे उघड होतं. मी तर आदल्या दिवसापासून डबे बांधून, डोळे पुसत बसले होते. आणि माझी जाऊ पदराला हात पुसत पुढे आली नि म्हणाली, “आम्हाला पुढचं.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

पुढे कितीतरी वर्षं ती भरती आली की तांब्याने पाणी उपसायची आणि मी कोरड्या पायांनी दारात उभी राहून बघायची. तिच्या ट्रंकेतल्या कपड्यांना बुरशी, माझ्या कपड्यांना ऊन. मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू?

कलम ३. हेवा.

मग किनाऱ्याचा प्रकल्प आला. नकाशावर त्यांनीही रेघ मारली आणि ती नेमकी आमच्याच भिंतीवरून गेली. पुढची ओळ आत, मागची बाहेर. जावेला टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर घर मिळालं. दोन्ही खोल्यांतून पाणी दिसतं आणि ते उंबऱ्यापर्यंत येत नाही. मला धूळ मिळाली. भिंतीला तडा मिळाला. नळाची धार करंगळीएवढी झाली. होड्यांना दूरच्या नव्या धक्क्यावर हाकललं, तेव्हा शिडं शिवून घ्यायला कोण येणार? ज्या बायका मासळी साफ करून माझ्या पायरीवर टेकायच्या, त्यांना भाडं परवडेना, त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. दोरा मिळायचा त्या दुकानात आता कॉफी मिळते. हे सगळं लिहून ठेवते, कारण उद्या कोणी म्हणेल, म्हातारी नुसती जळत होती. जळत होतेच. पण उगीच जळत नव्हते.

तर मी जाहीर करते की मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. तिच्या लिफ्टचा वाटतो. तिच्या गुडघ्यांचा वाटतो, कारण तिला जिने चढावे लागत नाहीत आणि मला लागतात. पाण्याकडेच्या नव्या फरसबंद रस्त्यावर मी फिरायला गेले तर फाटकावर अडवतात, मग ही खाली येते आणि रखवालदाराला सांगते, “सोडा हो, माझी पाहुणी आहे.” ज्या पायऱ्यांवर मी नवऱ्याबरोबर ओली शिडं पसरली, तिथे मी पाहुणी! आणि वरून फोन करते, “ताई, आभाळ भरून आलंय, कपडे काढा.” अकराव्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

कलम ४. गच्चीचा वापर.

टॉवरवाल्यांचा नियम असा की सज्जात कपडे वाळत घालायचे नाहीत. पाण्यावरून बघणाऱ्याला इमारत गबाळी दिसते. ही बाई आयुष्यभर ओलीत राहिली आणि नव्या घरातही पुन्हा ओलीतच, कारण कपडे खोलीत टांगून वाळतात कुठे? एक दिवस बादली घेऊन माझ्या दारात उभी.

“काय गं, अकराव्या मजल्यावर ऊन संपलं?” मी विचारलं.

“ऊन आहे हो ताई. दोरी नाही.”

मी तिला दोरी दिली. सावलीच्या बाजूची. टॉवरची सावली दुपारी आधी त्या बाजूला पडते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तिने तिथेच कपडे पसरले. तेव्हापासून एक दिवसाआड येते, कपडे घालते, ते वाळेपर्यंत माझ्या डोक्याशी बडबड करते, सगळं गोळा करते नि जाते. तिच्या चादरी माझ्या चादरींपेक्षा पांढऱ्या असतात. तिच्याकडे धुवायचं यंत्र आहे.

कलम ५. प्रकल्पाचा दुसरा टप्पा.

आता त्यांना मागची ओळही हवी आहे. दक्षिणेला दुसरा टॉवर उभा राहिला की उरलेलं ऊनही गेलं म्हणून समजा. त्यांचा माणूस फार गोड बोलतो. “आजी, तुम्हालाही पाणी दिसेल,” म्हणाला. मी विचारलं, “बारावा मजला आहे का?” तो म्हणाला, “आहे की.” मी पेन हातात घेतलं होतं. का घेतलं होतं ते उघड आहे. अकराच्या वर बारा येतात. सही करता करता विचारलं, “कुठल्या टॉवरात?” तर टॉवरात नाही, मागच्या ओळीतल्यांसाठी इमारती पार महामार्गापलीकडे. “मग पाणी कुठलं दिसणार?” तो म्हणाला, “समोरच मोठी टाकी आहे ना.” मी पेन ठेवलं, त्याला जिना दाखवला.

तरी मन पुरतं ठरत नव्हतं. परगावी राहणारा माझा मुलगा फोनवर रोज एकच धोशा लावायचा, “आई, काकू बघ कशी सुटली. एकदाची सही कर.” दुसऱ्या दिवशी जाऊ आली तेव्हा आम्ही गच्चीवर चादरीची घडी घालत होतो. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, म्हणून मला तिचं दुसरं टोक धरावं लागतं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “करा ना सही. माझी काळजी नको. मी आतच वाळवीन.”

मला ते बोलणं झोंबलं. मी म्हटलं, “तुला काय बोलायला? वाटणीत डाव बरोबर साधलास. तेव्हाच नकाशा दिसला होता का गं तुला?”

“नकाशा कसला ताई? तुमच्या पोराची छाती घरघरायची. भिंतीतून ऐकू यायची आम्हाला. त्या ओलीत टिकलं असतं का ते? मागचं तुम्हाला उरावं म्हणून मी पुढचं म्हटलं. टोक ताणून धरा, चुणी पडतेय.”

एवढंच. मग ती नळ कसा गळतो त्यावर बोलायला लागली.

कोणाला वाटेल मला रडू आलं. नाही आलं. अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं वाटत होतं वाटणीत मी जिंकले, मग वाटलं मी हरले, आणि आता कळतं की हिनं मला जिंकू दिलं होतं! लिफ्ट तिची, पाणी तिचं, पांढऱ्या चादरी तिच्या, आणि आता मनाचा मोठेपणाही तिचाच. माझ्यासाठी म्हणून हिनं काही शिल्लक ठेवलंय की नाही? तिला मी चहासुद्धा विचारला नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तिची दोरी उन्हाच्या बाजूला बांधली. तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, खिळा सैल झाला होता.

कलम ६. किरकोळ वाटप.

अ) बँकेतली ठेव आणि माझ्या दिवंगत नवऱ्याची सुतारकामाची हत्यारे माझ्या मुलाला. त्याचबरोबर कलम ५ त्याने दोनदा वाचावे. बाळा, आज तू फोनवर एवढ्या दमात बोलतोस ना, तो दम या सुक्या भिंतींनी दिला, आणि भिंती काकूने. फोन करायचाच असेल तर तिला कर.

ब) मोठे शिवणयंत्र, सुया, दोऱ्याला लावायचे मेण आणि सुई रेटायचा हातमोजा सलूनवाल्याच्या बायकोला. ती माझ्याकडे शिवण शिकली आहे, पण घाई करते. यंत्राला तेल द्यावे, यंत्र शेजारणीला देऊ नये.

क) टॉवरच्या फाटकावरच्या रखवालदाराला माझी मोठी छत्री. तो पूर्वी बर्फाच्या कारखान्यात होता. त्याचंही घर त्याच रेघेत गेलं, पण भाडेकरू म्हणून हातात काही पडलं नाही. जिथे त्याचं अंगण होतं तिथेच आता उन्हात उभा राहून मला अडवतो. त्याचा राग मी सोडला आहे.

ड) प्रकल्पाच्या गोड माणसाला माझ्या भिंतीचे पडलेले पोपडे. जिन्याखाली पिशवीत भरून ठेवले आहेत. ज्याचं त्याला दिलेलं बरं.

कलम ७. घर.

वर लिहिलेले संपूर्ण घर, गच्ची व तिच्यावर येणारे ऊन यांसह, माझ्या पश्चात माझ्या धाकट्या जावेला तिच्या हयातभर राहील. ती असेपर्यंत ते कोणालाही विकता, पाडता किंवा कोणत्याही टप्प्यात घालता येणार नाही. तिच्यानंतर ते माझ्या मुलाचे; मग त्याने त्याच्या अकलेप्रमाणे करावे. टॉवरमधले घर तिने सोडू नये, लिफ्ट असू दे, पण कपडे इथेच वाळवावेत. चादरीचं दुसरं टोक धरायला सलूनवाल्याची बायको येईल, तिला मी सांगून ठेवलं आहे. अट एकच: दर खेपेस दोरीवर पहिला कपडा टाकताना ‘हे ताईंनी दिलं’ असं म्हणायचं, सलूनपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

‘मला नको, तुमच्या मुलाला द्या,’ असं ती म्हणणार. ते ऐकू नये. मागच्या वेळी वाटे मी केले आणि उचललं तिनं. या वेळी उचलायचं तिच्या हातात ठेवलेलं नाही.

वकीलबाई विचारतात, ती तुमच्या आधी गेली तर? तसंही कलम घालावं लागतं म्हणे. तर लिहिते: तिने आधी जाऊ नये. सगळ्या गोष्टींत पहिला हात तिनेच मारला आहे. एवढ्या एका बाबतीत तरी तिने मोठीला पुढे जाऊ द्यावं. तरीही गेलीच, तर दोरी उन्हाच्या बाजूलाच राहील, आणि मी काय करीन ते मला माहीत नाही.

कलम ८. साक्षीदारांबद्दल खुलासा.

साक्षीदार म्हणून मी जावेलाच बोलावलं होतं. ती चष्मा पुसून, नवं पेन घेऊन आली. पण वकीलबाई म्हणाल्या, जिला मिळणार तिची साक्ष नको. आता तिला कारण कसं सांगणार? मी म्हटलं, “तुझी सही वाकडी येते,” आणि सलूनवाल्याला हाक मारली. (यंत्र त्याच्या बायकोला आहे, त्याला नाही; वकीलबाईंना विचारून घेतलं.) ती तरातरा गच्चीवर गेली. तिथून आत्ताच ओरडली, “काल आलेला सलूनवाला तुम्हाला माझ्यापेक्षा जवळचा झाला ना ताई? कळलं मला!”

तिला हेवा वाटतो आहे. माझा! आयुष्यात पहिल्यांदाच. वकीलबाईंनी एवढा शेरा तरी खोडू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला, पटला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

सही: शिडवाली

साक्षीदार पहिला: शेजारचा सलूनवाला. (शिडवालीने माझ्यासमोर सही केली. सही करताना हसत होती.)

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे डॉक्टर. (प्रकृती ठीक. शुद्धीवर आहेत. गुडघे सोडून तक्रार नाही.)

ठिकाण: माझे घर, खालची खोली

तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तीच. वेळ सकाळची, गच्चीवर ऊन आहे आणि ती अजून खाली आलेली नाही.