बाबांनी मासे का सोडले

पनवेल,
१४ नोव्हेंबर १९९१

प्रिय मनिषा,

तुझं पत्र पोचलं, सोबतचं कात्रणही. तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात मासे खा, रक्त वाढेल, बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला चांगले. कात्रण म्हणतं कारखान्यांजवळच्या माशांत पारा सापडतो, पोटुशीने जपावं. तू विचारतेस, आई, कोणाचं ऐकू? खरं सांगू, माझा दोघांवरही विश्वास नाही. डॉक्टरीणबाईंचं आडनाव वाचूनच वाटलं, जिने जन्मात बोंबील साफ केला नसेल तिने मासे खा म्हणून सांगावं? आणि वर्तमानपत्रवाले आज माशात पारा म्हणतील, उद्या वांग्यात काही शोधून काढतील. पण कात्रण टाकून दिलं नाही. फडताळात ठेवलंय आणि दिवसातून दोनदा काढून वाचते.

माझा संशयी स्वभाव तुला काही नवा नाही. कमळाबाईला विचार. वीस वर्षं ती उलव्याहून टोपली घेऊन आपल्या दारात येते आणि वीस वर्षं मी तिच्या माशांचे कल्ले उघडून बघते, पोट दाबून बघते, वास घेते. तू बाळंतपणाला येणार म्हटल्यापासून तर मी तिची उलटतपासणीच सुरू केली. मासा बंदराचा की खाडीचा? खाडीचा तर कंपनीच्या नाल्याच्या अलीकडचा की पलीकडचा? गेल्या आठवड्यात ती टोपली डोक्यावर घेऊन उठलीच. म्हणाली, "बाय, मी मासं इकाया येते, साक्ष द्याया नाय." मला हसू आलं, पण मी तिला तशीच जाऊ दिली. चुकलंच माझं.

खरा संशय मला कमळाबाईचा नव्हता, तुझ्या बाबांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मासे सोडले, ते का, हे मला कळत नव्हतं. संकष्टीच्या दिवशीसुद्धा ज्यांना सोड्यांच्या खिचडीची आठवण यायची ते हे! दर रविवारी पिशवी घेऊन स्वतः बाजारात जाणार, मला निवडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तुला फक्त संशय घेता येतो, मासा घेता येत नाही. आणि एके दिवशी म्हणाले, पित्त उठतं, मला नको. मी ते पित्त शोधलं. पाठीवर नाही, हातावर नाही. कुठला बुवा गाठलाय का म्हणून खिसे तपासले, माळ नाही, अंगारा नाही. बाहेर खाऊन येतात की काय म्हणून शर्ट हुंगले, तर कंपनीच्या लॅबोरेटरीतला तो नेहमीचा उग्र वास. त्याच सुमाराला त्यांची तुला येणारी पत्रंही आखडली. बाबा माझ्यावर रागावलेत का, असं तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी कामाचा ताण म्हणून वेळ मारून नेली.

आता पुढचं केतनराव घरी असतील तेव्हा वाच. रविवारी जेवताना मी सहज म्हटलं की मनूसाठी कमळाबाईला मोरी मासा सांगून ठेवते. बाळंतिणीला दूध यायला मोरीचं कालवण हवंच, तुझी आजी तसंच करायची. आणि खाडीतल्या निवट्या मिळाल्या तर त्याही आणीन. यांनी ताटावरचा हात काढून घेतला. म्हणाले, मोरी नको, निवटी तर नकोच नको. मी का म्हणून धरून बसले. तेव्हा हा माणूस पहिल्यांदा बोलला. कंपनीवाले नाल्यात जे सोडतात त्याच्या नमुन्याच्या बाटल्या हेच भरतात, हेच तपासतात. पावसाळ्यात जास्त सोडतात, कारण पुराच्या पाण्यात कोणाच्या लक्षात येत नाही. ते जाऊन बसतं खाडीच्या चिखलात, आणि निवटी जगते चिखलातच. मोरीचं वेगळं, ती दर्यातली, पण ती लहान मासे खाऊन मोठी होते, त्यांच्या अंगातलं सगळं तिच्या अंगात साठतं. साहेब म्हणायचे भरती-ओहोटीत धुऊन जातं. "मला ते खरं वाटायचं गं," म्हणाले आणि रडायला लागले.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात तू पहिल्या खेपेला इथे होतीस. होड्या बंद, बंदराचा मासा नाही, आणि तुला निवट्यांचे डोहाळे. मी रोज करून घातल्या, आणि हे शेजारी बसून काटे काढून देत होते. नंतर आपलं बाळ रडलंच नाही. नाळ गळ्याभोवती होती असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी विसरले नाही. यांनाही ते पाठ आहे. निवट्यांचा त्याच्याशी काही संबंध असेल की नसेल, मनू, ते आता कोणीही सांगू शकणार नाही. पण त्या भरलेल्या बाटल्या यांच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्या दिवसापासून यांच्या घशाखाली मासा उतरला नाही.

काल मी कमळाबाईला दारात बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. तिला मुळीच नवल वाटलं नाही. "आमाला ठाव हाय, बाय. ओहोटीला पान्याला वास येतो. फोड आलेली निवटी आमी टोपलीत घालीत नाय." मग तिचं काय करता, मी विचारलं. "घरी खातो. टाकून देऊन कसं चालंल?" तिची सून सत्यवती सहाव्या महिन्यात आहे. मी वीस वर्षं कल्ले तपासत होते आणि ती चांगलं ते आम्हाला देऊन उरलेलं घरी नेत होती. मला फार लाज वाटली. यांना म्हटलं, मला सांगितलंत ते कमळाबाईच्या वाडीत जाऊन सांगा, काय सोडतात आणि कधी सोडतात. नोकरीची तीन वर्षं राहिलीत, म्हणाले. पण आज सकाळी ड्युटीला जायच्या आधी सायकल काढून उलव्याला गेले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे म्हणतात मासे सोडू नकोस, पण बंदरावरचे लहान खा, मांदेली, बोंबील. मी यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. पण एवढं लांबलचक पत्र त्यासाठी लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात तुला आणायला यायला हे नाही म्हणाले आहेत. तुझ्यासमोर उभं राहवणार नाही म्हणतात. मी त्यांना माफ केलंय असं समजू नकोस, आणि तू करावंस असंही नाही. भांडायचं तर इथे ये आणि समोर बसून भांड. पण त्याआधी त्यांच्या नावाने एक कार्ड टाक. लिही की मला बाबांनी निवडून आणलेला मासा खावासा वाटतो. डोहाळे म्हटल्यावर त्यांना पित्ताची सबब सांगता येणार नाही. तीन वर्षांनी हे पिशवी घेऊन बाजारात गेले, तर त्या दिवशी मी कल्ले उघडून बघणार नाही.

तुझीच, जन्माची संशयी
आई