ब्रेकचं पाणी

२० डिसेंबर, शनिवार

सरळगावच्या उतारावर ट्रकचं ब्रेक पेडल खाली गेलं. पार तळाला! दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठे गाडी थांबली, पुढच्या टेम्पोच्या हातभर अलीकडे. टेम्पोवाल्यानं आरशातून बघितलं. मी रेडिओशी खेळत असल्यासारखं केलं. रेडिओ चार वर्षं बंद आहे.

घरी आणून वाकून बघितलं. मागचं डावं चाक आतून ओलं. टाकीतलं ब्रेक ऑइल तळाला. मेकॅनिक म्हणजे प्रणित, माझ्या बहिणीचा, मेघाचा नवरा, शहापूरला गॅरेज. त्याला फोन करायचा म्हणजे त्याचं ते शांत तोंड बघायचं. नको. पडवीत एक डबा होता, विहीर खोदायला आलेला पोकलेनवाला विसरून गेलेला. पिवळं झाकण. वर लिहिलेलं हायड्रॉलिक ऑइल. ब्रेकही हायड्रॉलिकच की! ऑइल म्हणजे ऑइल. कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडलं, नरसाळं केलं, भरलं. सांडलं ते डाव्या चपलेनं पुसलं. बघायला फक्त एक कोंबडी होती.

बाबा मागच्या दारी झोपलेले. जागे असते तर लगेच, "काय रे सुयोग्या, ब्रेकचं पाणी भरतोस?" पाणी! चाळीस वर्षं ट्रक चालवला, अजून ब्रेक ऑइलला पाणी म्हणतात. सगळ्या तालुक्यात दुसरं कोणी म्हणत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

पेडल घट्ट. लोक उगाच मेकॅनिकचे लाड करतात.

२२ डिसेंबर, सोमवार

पुन्हा ओलं. बाबांनीच पकडलं. शहात्तरावं चालू आहे, तरी सकाळी उठून चूळ भरायच्या आधी प्रत्येक चाकाच्या आतून बोट फिरवायचं आणि वास घ्यायचा, हा त्यांचा देवधर्म.

"डाव्या मागच्याचं पाणी जातंय. न् वास येगला येतोय रे."

मी म्हटलं, नाक म्हातारं झालंय तुमचं. पण प्रणितला फोन त्यांनीच लावला. तीन तारखेला म्हसा गावची जत्रा, आकाशपाळण्याचं सगळं लोखंड आपल्याच गाडीतून जायचं. आणि बाबा दरवर्षी डाव्या सीटवर बसून जाणार, वेशीवर उतरून नारळ फोडणार, म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या गळ्यात पडणार. या एका दिवसासाठी ते वर्षभर जगतात असं कुणाली म्हणते. बायकोला सासऱ्याचं फार कळतं.

ती डावी बाजू म्हणजे त्यांचीच जहागीर. ते दार किल्लीला दाद देत नाही, खालून गुडघ्यानं ठोसा द्यायचा, मग उघडतं. आतल्या पत्र्यावर पेन्सिलीनं तारखा. पाणी बदलले. पाणी बदलले. पाणी बदलले. चौथी पास माणसाचं अक्षर, पण वळणदार.

२३ डिसेंबर, मंगळवार

प्रणित आला. चाक काढलं, ड्रम काढला. आतल्या सिलिंडरचं रबर गेलेलं, लायनर भिजून चिंब. मी बाजूला उभा राहून चहा पीत होतो. "दाजी, जपून. लग्नासारखं घाईत उरकू नका," म्हटलं. कल्याणला जाऊन परस्पर सह्या करून आले होते दोघं. अठरा वर्षं झाली, मी अजून विसरलेलो नाही. तो पाना फिरवत राहिला. कधीच बोलत नाही, हेच तर!

रबर बदलून झाल्यावर लाइनीतली एअर, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, काढायची. पेडलवर बाबा, नेहमीचेच. प्रणित खालून, "दाबा... धरा... सोडा." बाबांचा पाय सुईसारखा चालतो. शेवटी वरून ओरडले, "पोराचा हात बघ, सुयोग्या!"

पंचवीस वर्षं ही गाडी मी चालवतो. माझा हात कधी बघितला नाही यांनी. माझ्या लग्नात अख्ख्या मांडवात म्हणाले होते, याला क्लच न् बायको, दोनी सांभाळता याची नाय. लोक जेवता जेवता हसले. मीही हसलो.

२४ डिसेंबर

ब्रेक लागतो, पण लवकर सुटत नाही. बघू.

२५ डिसेंबर, गुरुवार

किन्हवली रोडला गाडी जागेवर जाम. चाकं तापून लाल व्हायची बाकी, जळका वास, मागे लाइन. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आली. मी सगळ्यांसमोर प्रणितला फोन लावला, स्पीकरवर. काय नाही बोललो! गॅरेज बंद कर, शेळ्या राख, बहिणीनं काय बघून केलास... सगळं. टपरीवाले हसत होते. तो म्हणाला, "दादा, येतो. तिथंच थांबा."

मोटारसायकलवरून आला. एअर काढायचं निपल ढिलं केलं, चाकं सुटली. दोनदा माफी मागितली. मला बरं वाटलं. लपवू कशाला, फार बरं वाटलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

वाईट दिवस.

प्रणितनं मास्टर सिलिंडर खोलला. आतलं रबर फुगून दुप्पट झालेलं, कुजलेल्या बोंबलासारखं लिबलिबीत. तो बराच वेळ ते बोटावर घेऊन बसला. मग कुणालीकडून काचेचा ग्लास मागितला. त्यात पाणी, आणि टाकीतलं थोडं वरून सोडलं. अर्धं पाण्यात विरघळून गेलं. अर्धं वर तरंगत राहिलं, आमटीवरच्या तवंगासारखं.

"ब्रेकचं असतं ते पाण्यात मिसळतं. हे वर आलंय ते दुसरंच ऑइल हाये. यानं लाइनीतलं सगळं रबर फुगतं. मला पैल्याच दिवशी कळाया पायजे होतं." मग हळूच, "कोनी ओतलं?"

माझ्या तोंडात शब्द आला होता, खरंच आला होता. काल टपरीवर जे बोललो ते आठवलं. तेवढ्यात कुणालीनं बाबांकडे बघितलं. नुसतं बघितलं. बाबा गाडीजवळ खोक्यावर बसलेले, बोटाचा वास घेत.

मी म्हणालो, "बाबा हल्ली गाडीपाशी काहीबाही करत असतात."

इतकंच. एक वाक्य. प्रणितनं मान खाली घातली.

२७ डिसेंबर, शनिवार

बाबा भडकले. "मी नाय ओतलं! मला पानी न् ऑइल कलत नाय?" मी आवाज चढवला नाही. मऊ बोललो, आजारी माणसाशी बोलतात तसं. "बाबा, परवा तुम्ही मेघाला भिमी म्हणालात." भिमी म्हणजे त्यांची बहीण, जाऊन तीस वर्षं झाली. खरोखर म्हणाले होते, ओघात एकदा. "दिवाळीत चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधलात. तुम्हाला आठवत नाही, बाबा. म्हणजे केलं नाही असं नाही."

बाबांनी हात डोक्यावर नेऊन चष्मा चाचपला. मी हात पुढे केला, आणि त्यांनी गाडीची किल्ली दिली. स्वतःच्या हातानं! एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

त्यांची न् माझी, दोन्ही किल्ल्या आता माझ्या करदोट्याला. ही वहीसुद्धा आजपासून केबिनमध्ये, सीटखाली. घरात कुणालीची नजर फार.

२८ डिसेंबर, रविवार

बाबांनी सकाळपासून तीनदा विचारलं, गॅस बंद केला का मी? गॅस त्यांनी पेटवलाच नव्हता. जेवल्यावर ताट धरून बसले, "मी आमटी घेतली का गो?" कुणाली डोळ्याला पदर लावून आत गेली.

चाकांना हात लावला नाही आज.

२९ डिसेंबर, सोमवार

सगळी लाइन धुतली. पाइप फुंकले, चारी सिलिंडर नव्या रबरांचे, मास्टर नवा. दोन दिवस प्रणित पाठीवर पडून. मग एअर काढायची वेळ आली. "बाबांना बोलवा," म्हणाला. मी म्हटलं, नको, पुन्हा काही करून ठेवतील. मीच बसलो.

"दाबा... धरा... दादा, सोडलात! धरा बोललो ना!"

माझा पाय लवकर सुटतो. तीनदा एअर आत गेली. चौथ्यांदा दारात बघितलं तर बाबा उभे. भिंतीला टेकलेले, उजवा पाय जमिनीवर. प्रणित दाबा म्हणाला की त्यांचा पाय दाबायचा, धरा म्हणाला की थांबायचा. मी बघतोय हे कळल्यावर पाय धोतराखाली ओढून घेतला.

मला हसू आलं. ते आलं म्हणून लिहितोय.

३० डिसेंबर, मंगळवार

मेघा आली. गाडीपाशीच मला गाठलं.

"दादा, बाबा त्याला ऑइल म्हनतच नाय. पानी म्हनतात. ज्याच्या तोंडात ऑइल नाय तो ऑइल ओतील कसा?"

बरोबर बोलली होती! म्हणून तर जास्त राग आला. म्हटलं, "उद्या तुलाच कोण गो बाई तू विचारतील, तेव्हा ये. रोज मी सांभाळतो, तू नाही." रडली. मग म्हणाली, नेते मी त्यांना. उंबरमाळीला, आमच्या घरी. शहापूरला डॉक्टरला दाखवते.

मी नको म्हटलं नाही. उंबरमाळीला गाडी नाही, काही नाही. बसतील स्टेशनावर, रेल्वेचे डबे मोजत. तो आकडा चुकला तरी कोणाचा ब्रेक फेल होणार नाही.

ठरलं. तीन तारखेला गाडी म्हशाला, बाबा उंबरमाळीला.

३१ डिसेंबर, बुधवार

रिकामी गाडी टोकावड्यापर्यंत नेऊन आणली. ब्रेक काय लागतो! नव्यासारखा. परत आलो तर बाबा अंगणात पाठ करून बसलेले. गाडीचा आवाज ऐकूनही वळले नाहीत.

कुणाली म्हणाली, "अहो, न्या ना त्यांना म्हशाला. नुसते बसतील." मी म्हटलं, रस्त्यात हँडब्रेक ओढला तर?

सांगून टाकलं तर काय होईल? काही नाही. दोन दिवस हसतील. प्रणित तर हसणारही नाही. पण पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चूक माझी नाही, त्यांची आहे. हे मला सोडवत नाही. खरं कारण हेच, दुसरं नाही.

१ जानेवारी

कुणालीनं नवं कॅलेंडर लावलं. बाबांनी विचारलं, आज कंची तारीख? सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं.

२ जानेवारी, शुक्रवार

पाळण्याचं लोखंड चढवून झालं. सामान बांधायला दोरखंड कमी पडला म्हणून गाडी अंगणात ठेवून दुपारी एसटीनं मुरबाडला गेलो होतो, दोन तास मोडले. आलो तेव्हा बाबा खोक्यावर, त्यांच्या जुन्या जागी. चष्मा डोळ्यावर, पेन्सिल कानावर. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"कातळासारका बसलाय ना बरेक?"

हो म्हटलं.

"जपून जा."

कपड्यांची पिशवी स्वतःच भरली आहे त्यांनी. मला वाटलं होतं रडतील, हात धरतील, म्हशाला ने म्हणतील. काही नाही. जरा निराशाच झाली.

३ जानेवारी, शनिवार. म्हसा

निघताना सगळे अंगणात होते. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "प्रणित, तुझी चूक नवती. मीच ओतलं ऑइल. पिवल्या झाकनाचा डबा. नोवेंबरचं पान फाडून नरसालं केलं. सांडलं ते डाव्या चपलेनं पुसलं." ऑइल म्हणाले. मेघा ओक्साबोक्शी रडली. बाबा तिच्या हाताला धरून चालत गेले, मागे न बघता.

वेशीवर नारळ मी फोडला. नीट फुटला नाही. गाडी लावून सीटखालची वही काढली. किल्ल्या माझ्या करदोट्याला होत्या, पण डावं दार गुडघ्यानं उघडतं. पहिल्या पानावर मी लिहिलंय, टाकीतलं ब्रेक ऑइल तळाला. त्यातलं ऑइल पेन्सिलीनं खोडलंय. वर वळणदार अक्षरात लिहिलंय, पाणी.

पुढच्या कुठल्याच पानावर काही खोडलेलं नाही.