दाढीतली कसर

४ जून

कप्तानांच्या दाढीला टक्कल पडलं! हनुवटीच्या डाव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढं. खालची जाळी उघडी. प्रयोगाला तास राहिलेला. राखाडी पेन्सिलीने जाळी रंगवली आणि वेळ मारून नेली.

मॅनेजर म्हणाला, "उंदीर." म्हटलं, उंदीर इतकी नीट हजामत करत नाही. तर म्हणे, "कपडेपट तुमच्या ताब्यात आहे, बाई." म्हणजे उंदीर मीच.

कप्तान म्हणजे आमचे मुख्य नट. जहाजावरच्या म्हाताऱ्याचं काम इतकी वर्षं करतायत की नाटकाबाहेरही सगळे त्यांना कप्तानच म्हणतात. प्रयोग संपल्यावर दाढी डब्यात ठेवली, डबा बगलेत मारला आणि गेले.

५ जून

मिनतवारी करून डबा बघायला मागितला. तळाला लोकरीचं अस्तर, आणि त्यात तांदळाच्या कण्यांसारख्या अळ्या. शी! एक सोनेरी पतंगही होता. उडाला नाही – पळाला. चक्क पळाला, झुरळासारखा, अस्तराच्या घडीत.

इस्त्रीवाला म्हणाला, "कसर लागली." कसर खरीच, पण कुठली? आईच्या कपाटात असायची ती रुपेरी, शेपटीला तीन केस, पंखांचा पत्ता नाही. ही ती नव्हे.

६ जून

दिवेवाले मामा रंगमंचावरचे दिवे पुसत होते. त्यांना डबा दाखवला. "माझ्या दिव्यावर यच्चयावत किडे येतात. हा कधी बघितला नाही."

बॅटरी जवळ नेली. पतंग उलट अंधारात घुसला. पतंगाच्या जातीला बट्टा.

८ जून

भाचीला फोटो पाठवला. कॉलेजात कीटक शिकते, आणि घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढते. तिने फोनवर माझी उलटतपासणीच घेतली.

"पंखांवर ठिपके आहेत?"

भिंगातून बघितलं. नाहीत. सगळं एकसारखं सोनेरी, डोक्यावर तांबूस झुलूप.

"अळी घर पाठीवर घेऊन हिंडते?"

नाही. रेशमाचं भुयार विणते आणि त्यातच पडून राहते.

"मग ठरलं, मावशी. ठिपकेवाला नाही, हा जाळंवाला. लोकरीवरचा. आणि पतंगावर चप्पल घेऊन धावू नकोस, तो काहीच खात नाही. त्याला तोंड असून नसल्यासारखं."

खाते ती फक्त अळी! लोकर, केस, पिसं. जन्माचं जेवण लहानपणीच उरकायचं, मग कोश, मग पंख. मोठेपणी नुसतं लग्न, अंडी आणि राम म्हणायचा. आमच्या मॅनेजरला देवाने तोंड फुकट दिलं.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "धुतलेल्या लोकरीवर तिचं नीट पोषण होत नाही बरं का. तिला घाम लागतो. ती दाढी शेवटची धुतली कधी?"

९ जून

कप्तानांना विचारलं.

"धुतलेली नाही. पहिल्या प्रयोगापासून पाणी लागू दिलेलं नाही. पाणी लागलं की यश गेलं."

"म्हणून तर कोणीतरी त्यात संसार थाटलाय."

हसले. दाढी काही धुवायला दिली नाही. "अभिनयात कसर आहे म्हणणारे पुष्कळ भेटले. दाढीत आहे म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

१० जून

अस्तर तेवढं उपटू दिलं. जाळून टाकलं. एक अळी मात्र बरणीत ठेवली, सोबत दाढीचा झुबका. पुढे काय करते ते बघायचंय. नाव – छोटे कप्तान.

१९ जून

छोटे कप्तान जेवतायत. थोरले रुसलेत.

२ जुलै

बरणीत कोश! रेशमात दाढीचे केस गुंतवून विणलाय, म्हणून राखाडी दिसतो. बहीण म्हणाली, "स्वयंपाकघरात हे काय ठेवलंयस?" म्हटलं, एका नटाचा मुक्काम आहे.

४ जुलै

दुसरं टक्कल, पहिल्यापेक्षा मोठं. अंडी दाढीतच राहिली असणार. आता पेन्सिल पुरणार नाही. कप्तानांनी आपणहून डबा पुढे केला. "घ्या. पण पाणी नको."

भाची म्हणाली, नको तर नको. पिशवीत घट्ट बांध आणि गोठव. मध्ये एकदा बाहेर काढ, परत गोठव, म्हणजे अंडीसुद्धा वाचणार नाहीत. पिशवी कँटीनच्या फ्रीझरमध्ये ठेवली. कँटीनवालीला सांगायला विसरले. मटार काढायला गेली आणि ओरडत बाहेर आली, "आत माणूस आहे!"

मॅनेजरने भाड्याची दाढी आणली. कप्तानांनी हुंगली आणि परत केली. म्हणाले, तसाच उभा राहतो.

८ जुलै

आजचा प्रयोग! इतक्या वर्षांत कप्तानांचा चेहरा रंगमंचावर पहिल्यांदा दिसला. मुलीचा निरोप घेतात त्या प्रवेशात एक शब्द बोलायचा नसतो. आज तिथे नुसती हनुवटी थरथरली. बारीकशी, थांबेचना. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या हातातली सुई हातातच राहिली.

मामा वरून उतरले ते डोळे पुसतच. "ही हनुवटी दाढीखाली कुजत होती, बाई." मॅनेजरने जाहिरातीत घालायचं ठरवलंय – आता बिनदाढीचे कप्तान. मला चक्क "तुमच्यामुळे" म्हणाला. उंदराची बढती झाली.

१३ जुलै

सकाळी बरणीत पतंग. सोनेरी, ठिपका नाही, तांबूस झुलूप. झाकण हलवलं तर झुबक्याखाली पळाला. भाची पास.

१६ जुलै

दाढी गोठून, झटकून, सांधून तयार. कप्तानांच्या खोलीत घेऊन गेले. एकटेच होते. बशीत चहा सांडलेला. म्हटलं, ही ठेवूनच देते, त्या हनुवटीसाठी लोक परत परत येतायत.

"ती थरथर मी करत नाही, बाई," ते म्हणाले. "आपोआप होते. वर्ष झालं. आता हातही."

मी दार लावून घेतलं. गोंद काढला, आणि दाढी त्यांना लावून दिली.