दादाचा डावा कान

हॉलिवूड, १४ मार्च १९३९

प्रिय दादा,

नऊ वर्षांनी लिहितोय, तेव्हा टोपी हातात घेऊन तुझ्या दारात उभा आहे असं समज. इकडे बरं आहे. अंगणातल्या झाडाला संत्री लागलीत, डावा गुडघा कुरकुरतो. हेस्टर वहिनीच्या मक्याच्या पावाची आठवण येते, हे तिला मुद्दाम सांग.

तुझं कार्ड मिळालं. "क्लेम, शाळेतली पोरं मला बघून डावा कान ओढतात. हे तू थांबव." एवढंच! ना खुशाली, ना सही. हेडमास्तर शोभतोस खरा.

कबूल करतो बाबा, कान तुझाच आहे. मी इकडे आलो तेव्हा मला अभिनयातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा खडूस न्यायाधीशाचं काम मिळालं आणि घाबरून मी चक्क तू झालो. चष्म्यावरून बघितलं, रागवण्याआधी स्वतःचा डावा कान ओढला, "हं, पुढे?" म्हणालो. सेटवरचे सुतारसुद्धा हसले! त्यानंतर एकेचाळीस सिनेमे झाले. न्यायाधीश, बोटीचा कप्तान, हॉटेलचा मॅनेजर, सगळे तूच. माझं नाव कुणाला ठाऊक नाही. रस्त्यात दिसलो की म्हणतात, "अहो, तुम्ही ते कानवाले ना?"

आता पंचाईत ऐक. सध्या चाललेल्या सिनेमात मी हेडमास्तर आहे. आयुष्यात पहिल्यांदा मोठं काम. तो आईला मूठमाती देऊन येतो, रिकाम्या वर्गात बसतो आणि रडतो. काल मी तेरा वेळा रडलो. दिग्दर्शक केलर ओरडला, "अरे क्लेम, त्याची आई गेलीय, दाढ दुखत नाहीये!" मग डोळ्यांत ग्लिसरीन घातलं, तर मला शिंकाच सुरू झाल्या. पुढच्या गुरुवारी शेवटची संधी, नाहीतर केलर दुसरा म्हातारा बघणार आहे.

अडचण अशी, की तुला रडताना मी कधी बघितलंच नाही. बघायची एकच वेळ होती आणि तेव्हा मी नव्हतो.

आई गेली तेव्हा मी तुला तार केली होती, "सुटी देत नाहीत." खोटं होतं ते, दादा. मी सुटी मागितलीच नव्हती. त्या दिवशी बोलपटातलं माझं पहिलंवहिलं वाक्य होतं. मी हॉटेलातला कारकून, आणि म्हणायचं होतं, "माफ करा साहेब, खोली रिकामी नाही." वाटलं, सुटी मागितली तर वाक्य दुसऱ्याला जाईल. तिकडे तुम्ही आईला पोचवत होतात आणि इकडे मी खोली रिकामी नाही म्हणून सांगत होतो. पुढे सिनेमा लागला, तर वाक्य कापलेलं! चांगली जिरली माझी. पण लाज वाटते रे, अजून वाटते.

म्हणून विचारतो. त्या दिवशी घरी आल्यावर तू काय केलंस? कुठे बसलास? चष्मा काढलास का? विमानाच्या टपालाने लिही, बुधवारपर्यंत पोचेल. नाही पोचलं तरी लिही. सिनेमाला म्हातारे पुष्कळ मिळतील, मला ते कळायचं राहिलंय.

आणि रडायचं सोडून तू फाटकाकडे माझी वाट बघत बसला असशील, तर तेही लिही.

तुझा गैरहजर धाकटा,
क्लेम