खुर्चीबद्दल आभार, आणि थोडेसे कवळीविषयी

तीर्थस्वरूप दादा,

तुम्हाला आणि वहिनींना वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धेच वाकता आले, पण भाव पूर्ण आहे, तो जमा धरावा.) तुमचा खोकला आता कसा आहे? वहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. ह्यांची झोप उत्तम आहे, त्यामुळे बाकी कुणाची नाही. पत्र पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, राग मानू नये. मागच्या बाजूला पाणीपट्टीची नोटीस आहे. ती वाचून काळजीत पडू नये, भरली आहे.

पत्रास कारण तुमची खुर्ची. मागच्या भेटीत तुम्ही म्हणालात, की चिमणीची शाळा संपली की तिला रंगाच्या दुकानात गल्ल्याशेजारी पंख्याखाली खुर्ची टाकून देतो, तिने नुसते बसायचे, उठायला नको की बोलायला नको. दादा, त्या दिवशी मी देवापुढे किती वेळ बसले होते ते ह्यांना विचारा. (जेवण उशिरा मिळाल्यामुळे त्यांच्या चांगले लक्षात आहे.) जन्मापासून जिचा उजवा पाय ओढतो, आणि डोक्यात सगळे लख्ख असूनही जिचा एकेक शब्द थांबत थांबत बाहेर येतो, त्या लेकीचे आपल्यामागे कसे होणार, हा घोर तुम्ही एका खुर्चीत मिटवलात. असा भाऊ सगळ्यांना मिळत नाही. मी लगेच जुन्या पडद्याची गादी शिवायला घेतली.

पण मध्येच तिच्या शाळेच्या बाई घरी आल्या. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या निरनिराळ्या ठिकाणी थोडे थोडे दिवस काम करून बघायला पाठवतात. जिथे मूल रमेल आणि जिथल्या लोकांनाही ते हवेसे वाटेल, तिथे पुढे शिकाऊ म्हणून जागा मिळू शकते. मी सांगितले, आमचे सगळे ठरले आहे, मामाचे दुकान आहे. बाई म्हणाल्या, छानच की, कुणी ठरवलं? मी म्हटले, सगळ्यांनी. बाईंनी चिमणीकडे पाहिले. चिमणी म्हणाली, "मला... बघायचंय..." आणि पुढचा शब्द शोधू लागली, तेव्हा मी बाईंना सांगून टाकले, की हिला तुमची नवी पर्स बघायचीय. बाईंनी बिचाऱ्यांनी पर्स हातात दिली. चिमणीने ती टेबलावर ठेवली आणि वाक्य पहिल्यापासून सुरू केले. तिला काम बघायचे होते.

आधी वाचनालय झाले. सगळ्यांचे एकमत, की अशा मुलीला वाचनालयासारखी जागा नाही, शांत, सावली, कुणी बोलत नाही. पहिल्याच दिवशी घरी येऊन तिने तक्रार केली, की तिथे कुणी बोलत नाही. तिला बोलायला आवडते, दादा. हे आपल्यापैकी कुणाच्या ध्यानातच आले नव्हते, कारण तिला बोलायचे असते तेव्हा साधारण आपणच बोलत असतो. मग दातांचा दवाखाना. तिथे ती खूश होती, कारण तोंड उघडून खुर्चीत पडलेल्या माणसाला तिचे वाक्य मध्येच पुरे करता येत नाही. पण दंतवैद्य इतके प्रेमळ, की तिला काही म्हणून करू देईनात. दिवसभर बसवून क्रीमची बिस्किटे खाऊ घातली (दातांचे डॉक्टर असून). शेवटच्या दिवशी तिला फुलेही दिली. चिमणी रिक्षात फुले मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "पाहुणी... म्हणून... गेले नव्हते." मी म्हटले, जाऊ दे, मामाची खुर्ची आहे ना. त्यावर तिने फुले माझ्या मांडीवर ठेवली. आता एकच ठिकाण राहिले होते. तिथे जमले नसते, तर बाईंकडेही दुसरे काही सुचवायला नव्हते.

ते ठिकाण म्हणजे बस डेपोतली हरवलेल्या वस्तूंची खोली. लोक बसमध्ये काय काय विसरतात हे पाहून माझा जीव कासावीस झाला. छत्र्या तर डोंगरभर, एका पायातले बूट, अर्धे विणलेले स्वेटर, एक अख्खे शिवणयंत्र. (हे विसरून माणूस उतरतो कसा?) तिथले हेडक्लार्क निवृत्तीला टेकलेले, चेहऱ्याने कडू, पण माणूस न्यायी. त्यांनी चिमणीला पहिल्याच दिवशी खिडकीवर बसवले, आणि तिची काठी अडकवायला टेबलाला खिळा ठोकून दिला. एकच नियम सांगितला, की वस्तू मागायला येणाऱ्याने खूण स्वतः सांगायची, आपण तोंडातून काही काढायचे नाही.

मी आपली सोबतीला. पहिला दिवस आहे म्हणून गेले, आणि मग दुसराही पहिल्यासारखाच वाटला म्हणून गेले, असे करत रोजच बाकावर शिवण घेऊन बसू लागले. फुकट बसणे आपल्या रक्तात नाही, तेव्हा फडताळे पुसली, छत्र्या उंचीप्रमाणे लावल्या, आणि एक मळका मफलर घरी नेऊन स्वच्छ धुऊन आणला. दुसऱ्या दिवशी त्याचा मालक आला. त्याची खूण होती हळदीचा डाग. हेडक्लार्कांनी मफलर उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि पाण्याचा ग्लास मागवला.

तरीही त्यांनी मला ठेवून घेतले, हे त्यांचे उपकार. पण पुढच्या आठवड्यात एक टायवाले गृहस्थ आले, फार घाईत. तपकिरी बॅग हरवली होती. चिमणीने विचारायला सुरुवात केली, "बॅगेत... काय..." दादा, मी काही मुद्दाम केले नाही. माझा हात शिवणात होता, तोंड सवयीने चालले. मी बाकावरून म्हटले, बॅगेत छत्री आणि चष्म्याचे घर आहे का, असे विचारतेय ती. गृहस्थ म्हणाले, हो हो, तेच, छत्री आणि चष्म्याचे घर, आणि हात पुढे केला. हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला. झाले होते असे, की मी बॅग पुसताना आतली छत्री आणि चष्म्याचे घर वरून पाहिले होते, घर उघडले नव्हते. प्रश्नाबरोबर उत्तरही मीच देऊन मोकळी झाले.

लेकीची शेवटची संधी, आणि तिच्या आईने भर खिडकीत तिचे काम बुडवले. चिमणी मात्र हलली नाही. बॅग मांडीवरच ठेवून पुन्हा सुरू झाली, "त्या... घरात..." माझ्या तोंडापर्यंत 'चष्मा' आला होता. मी शिवणाचा दोरा दातांत घट्ट धरला. पण आपल्यासारखी माणसे सगळीकडे असतात. गृहस्थांनीच तिचे वाक्य पुरे केले, "चष्मा, अजून काय असणार? माझा वाचायचा. लवकर करा हो." चिमणीने तिचा वेळ घेतला आणि म्हणाली, "कवळी... आहे."

गृहस्थांचे तोंड उघडेच राहिले, आणि आतले सगळे दात त्यांचे स्वतःचे होते हे खोलीभर दिसले.

माणूस लबाड नव्हता हो. त्याची बॅगही तपकिरीच, ती मागच्या फडताळावर निघाली, चिमणीनेच एकेक खूण विचारून शोधून दिली. तो म्हणाला, घाई होती, आणि ह्या बाई एवढ्या खात्रीने सांगत होत्या, मला वाटलं बायकोने भरलं असेल. जाताना तिचे दोनदा आभार मानले. परक्याची कवळी घरी घेऊन जाण्यातून वाचला बिचारा.

संध्याकाळी कवळीची मालकीण आली, एक आजी, पदर तोंडावर. बसमध्ये हिरडीला टोचते म्हणून काढून ठेवली होती. दातांवाचून त्यांचा एक शब्द हेडक्लार्कांना कळेना. दोनदा 'काय?' विचारल्यावर त्या रडकुंडीला आल्या. चिमणीने त्यांना खिडकीशी बोलावले. आजी फुसफुस बोलत होत्या, ही थांबत थांबत, आणि दोघींपैकी कुणालाही घाई नव्हती. बॅग, छत्री, घर, सगळ्या खुणा जुळल्या. कवळी बसवल्यावर आजी पहिले वाक्य मोठ्याने बोलल्या. "पोरी, तू ऐकून घेतेस गं." दादा, एवढ्या वर्षांत मी तिच्यासाठी पुष्कळ गोष्टी मागितल्या, पण हे शब्द माझ्या प्रार्थनेत कधी आले नव्हते. देवाने न मागता दिले. (देवाचे आणि तिचे आधीपासूनच जमते. तो तिचे वाक्य मध्येच पुरे करत नाही.)

खोली बंद करताना हेडक्लार्कांनी मला बोलावले. मी हात जोडूनच गेले. ते म्हणाले, "मुलगी कामाला चांगली आहे. परीक्षा झाली की शिकाऊ म्हणून पाठवा, मी वर बोलतो. तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका." अशा तऱ्हेने एकाच दिवशी लेक कामाला लागली आणि मला कामावरून काढले, तेही बिनपगारी कामावरून. तिथेच त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, नमस्कार नको, तेवढा मफलर पुन्हा धुऊ नका.

आता ती एकटी जाते, एकटी येते. आल्यावर दिवसभराचे सांगायला बसते, भाजी चिरण्यापासून भांडी आवरेपर्यंत एक गोष्ट पुरते. मी दोरा दातांत धरून ऐकते. शिवण फारच निघते त्यामुळे. ह्यांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणे पक्की झाली आहेत. आणि खरे सांगू का, ती विनोदी बोलते, दादा. विनोद नेहमी वाक्याच्या शेवटाला असतो, म्हणून तो आजवर आपल्यापर्यंत पोचला नव्हता.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खोकल्याला हयगय करू नये. तुमच्या खुर्चीचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

तुमची धाकटी बहीण

ता. क. गादी शिवून झाली. खुर्चीच्या मापाची आहे, वेगळ्या पार्सलने पाठवते. ती तुम्हीच वापरावी. गल्ल्यावर बसून तुमची पाठ दुखते असे वहिनी म्हणत होत्या.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट राहूनच गेली. रविवारी चिमणी तुम्हाला स्वतः फोन करणार आहे. ती 'मामा' म्हणाली, की पुढचे सगळे तुम्हीच बोलून, आशीर्वाद देऊन फोन ठेवता. ह्या खेपेला तसे करू नये. ती मध्ये थांबली, तर फोन बंद पडला असे समजू नये. ती काय सांगणार ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. वाक्य तिचे आहे.

ता. क. तिसरा. फोन तिचा आला, तरी लगेच ठेवून तुम्ही तिकडून लावावा. बोलणे बराच वेळ चालेल.